माळवदाचा गारवा आणि भार

मराठवाड्यातील जुन्या घरांत ऊन अडवण्यासाठी वेगळा थर कधी बसवला जात नसे. ते काम भिंतीच्या आणि छताच्या जाडीवरच सोपवलेले असे. लातूर-धाराशिव भागात उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. काळा दगड मुबलक. त्यामुळे चिखलात रचलेल्या भिंती दोन फुटांपासून कुठे कुठे चार फुटांपर्यंत रुंद होत. बाहेरून एक आणि आतून एक असे दगडांचे दोन पदर उभारायचे, मधली पोकळी कपच्या व मातीने भरायची, ही नेहमीची रीत. दुपारची झळ एवढी जाडी पार करेपर्यंत रात्र होते. शास्त्राच्या हिशेबी अशी भिंत उष्णतारोधक नव्हे, ती उष्णता साठवून उशिरा सोडते; घरात राहणाऱ्याला त्या भेदाशी काही देणेघेणे नव्हते.

छत म्हणजे माळवद. लाकडी खांब आणि तुळयांच्या सांगाड्यावर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. घराचे मापही खांबांमधल्या खणांतच सांगत. पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकून ते चोपून घ्यावे लागे, नाहीतर गळती ठरलेली. जुनी माती मात्र सहसा उतरवली जात नसे. पिढ्यान्‌पिढ्या थर चढत गेले आणि कित्येक घरांवर ही जाडी दोन फुटांच्या आसपास पोचली. प्रत्येक थरागणिक घर थोडे अधिक गार आणि बरेच अधिक जड होत गेले.

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात सुमारे 6.2 रिश्टरचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक घरांत झोपले होते. भूकंपाच्या नकाशात हा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. भिंतीचे दोन पदर एकमेकांना कुठेच बांधलेले नव्हते. हादऱ्याने ते फुगून सुटे झाले. अनेक ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भिंती कोसळल्या. सुमारे 8 हजार माणसे दगावली. दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. पण वाचलेल्यांच्या मनात दगडी भिंतीची धास्ती बसली ती बसलीच.

जागतिक बँकेच्या साहाय्याने 52 गावे नव्या जागी वसवली गेली. इतर गावांत घरांना बळकटी देण्याचे काम निघाले: भिंतीत आरपार सांधे, वरच्या कडेने जाळी व सिमेंटचा पट्टा, माळवदावरची माती कमी करणे. बऱ्याच जणांनी पत्र्याची खोली पसंत केली. तिच्या छताखाली दबण्याची भीती कमी, पण वैशाखात दुपारी आत बसवत नाही.

दगडी घर बांधूच नये, असे भारतीय मानकही म्हणत नाही. आयएस 13828 या 1993 च्या मानकानुसार भिंत 450 मिलिमीटरपेक्षा जाड नसावी आणि उंचीच्या दर 600 मिलिमीटरला, एकमेकांपासून जास्तीत जास्त 1.2 मीटरवर, भिंतीच्या आरपार जाणारे दगड बसवावेत.