ओल कुणामुळे? ‘यूएचएच’च्या शिक्क्यापासून पुनर्वसनाच्या इमारतींपर्यंत

गेल्या पावसाळ्यात घाटकोपरमधल्या एका पुनर्वसन इमारतीत आम्ही घरोघरी फिरत होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या एका ताईंनी कपाट पुढे ओढून मागची भिंत दाखवली. भिंत काळी पडलेली. बाबासाहेबांच्या तसबिरीच्या मागेही बुरशी. ताई म्हणाल्या, “तक्रार केली होती. साहेब आले, बघितलं आणि म्हणाले, तुम्ही लोक घरात कपडे वाळवता, खिडक्या उघडत नाही, मग ओल येणारच.” आम्ही खिडकी उघडली. समोर दहा फुटांवर दुसऱ्या इमारतीची भिंत होती.

‘तुम्ही लोक’ हे दोन शब्द नवे नाहीत. या शहरात गरिबाच्या भिंतीला ओल आली की दोष आधी त्याच्या सवयींना द्यायचा, ही पद्धत सव्वाशे वर्षांची आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. प्लेगचा जंतू १८९४ सालीच सापडला होता. तरीही हा रोग ओलसर जमिनीत, अंधारात आणि घाणीत राहतो, असा अधिकाऱ्यांचा समज होता. तपासणी पथकं कामगारांच्या चाळींत शिरली. उजेड यावा म्हणून छपरांची कौलं काढली, भिंतींना चुना मारला. ज्या खोल्या नापास झाल्या त्यांच्यावर ‘यूएचएच’ ही इंग्रजी अक्षरं रंगवली. अर्थ होता, माणसाला राहण्यास अयोग्य. पुढे कळलं की प्लेग पसरवतात उंदरांवरच्या पिसवा. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ यांनी ते प्रयोगाने दाखवलं. पण तोवर गरिबांचे संसार रस्त्यावर आले होते.

त्याच १८९८ साली बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले. पाडलेल्या खोल्यांच्या मानाने गरिबांसाठी बांधलेल्या खोल्या कमी पडल्या. उठवलेली माणसं शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागली. म्हणून आम्हांला ट्रस्टचं गुणगान करायचं नाही. पण ट्रस्टच्या दप्तरातली एक गोष्ट आपल्या तरुणांनी मुद्दाम लक्षात ठेवावी.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईच्या घरांतील उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यान दिलं. ट्रस्ट तेव्हा एक नियम वापरत होता, साडेत्रेसष्ट अंशांचा. घराच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोर साडेत्रेसष्ट अंशांत तिरपी रेषा काढायची. समोरची इमारत त्या रेषेच्या वर जाता कामा नये. सोप्या हिशेबात, समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त नसावी. एवढं झालं तरच तळमजल्याच्या खोलीत आकाश दिसतं, हवा खेळते आणि भिंत वाळते.

परळच्या अशाच एका ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेब दोन दशकांहून अधिक काळ राहिले. कोलंबिया आणि लंडनची पदवी घेतलेला माणूस दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत रात्र-रात्र वाचत बसे. त्या चाळींत सुख होतं असं नाही. खोल्या लहान, नळ-संडास सामाईक. पण उजेडासाठी अंतर सोडावं लागतं, एवढं परक्या सरकारलाही मान्य होतं.

आता उपनगरात या. १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलं. विकास नियंत्रण नियमावलीत पुनर्वसनाच्या इमारतींसाठी मोकळ्या जागेच्या अटी शिथिल केल्या गेल्या. रेल्वेमार्ग आणि रस्त्यांसाठी हटवलेली माणसं मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये आणि गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये आणून ठेवली. सात-आठ मजल्यांच्या इमारती, मधलं अंतर सुमारे तीन मीटर. आता ट्रस्टचा नियम लावून पाहा. तीन मीटर अंतर असेल तर उंची सहा मीटर, म्हणजे दोन मजले. चोवीस मीटर उंच इमारतीला बारा मीटर मोकळी जागा हवी. १९१२ चा साहेब जे नापास करायचा, ते स्वतंत्र भारताच्या नियमावलीने पास केलं. या इमारतींत राहतात कोण? बौद्ध, मातंग, मुस्लिम, भटके-विमुक्त, कोकणातून आणि उत्तरेतून आलेला मजूर. गावकुसाबाहेरची जागा इथे तीन मीटरच्या बोळात आली आहे.

‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने या दोन वसाहतींची तिसऱ्या, जास्त मोकळ्या वसाहतीशी तुलना केली. हा अभ्यास २०१८ साली समोर आला. दाटीच्या दोन वसाहतींत क्षयरोग जास्त आढळला, आणि जिथे ऊन पोहोचत नाही त्या खालच्या मजल्यांवर तो अधिक होता. इथे शास्त्र नीट समजून घेऊ. बुरशीमुळे क्षयरोग होत नाही. क्षयाचे जंतू कोंडलेल्या हवेत तरंगत राहतात, तर बुरशीने दमा, खोकला आणि ॲलर्जी बळावते. पण ऊन नाही आणि वारा नाही, हे दोन्हींचं समान कारण आहे.

म्हणून ‘तुम्ही लोक’ला उत्तर द्यायचं तर घोषणेबरोबर नोंद हवी. ओल कुठून येते हे तपासता येतं. डाग जमिनीपासून वर चढला असेल आणि पांढरा खार फुटत असेल, तर ओल जमिनीतून येते. छतावर डाग असेल तर वरच्या मजल्याच्या मोरीत रंगीत पाणी ओता आणि खाली रंग उतरतो का पाहा. पावसानंतरच बाहेरच्या भिंतीला डाग येत असेल तर बाहेरच्या भेगा शोधा. रुपयाच्या नाण्याने भिंत ठोका. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटला आहे. मग हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. थेंब आतल्या बाजूला, भिंतीकडे, आले तर पाणी भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूला आले तर खोलीतली वाफ थंड भिंतीवर साचते आहे. तेव्हाही प्रश्न संपत नाही. वाफ बाहेर जायला वाट कुणी ठेवली नाही, हे विचारायचंच आहे.

दोन सुयांचा ओल मोजणारा मीटर मिळाला तर वापरा, पण जपून. भिंतीत खार असेल तर तो आकडा फुगवून दाखवतो. म्हणून एकाच घरातली कोरडी आणि ओली भिंत दोन्ही मोजा आणि फरक लिहा. बुरशीच्या प्रयोगशाळा तपासणीवर पैसे घालवण्याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनी बुरशीसाठी सुरक्षित आकडा दिलेलाच नाही. ओल दिसली की ती दूर करा, असंच त्या सांगतात.

इंग्लंडमध्ये रॉचडेल इथे २०२० साली अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा बुरशीच्या घरात राहून गेला. सुदानमधून आलेल्या त्याच्या आईवडिलांनाही तुमच्या राहणीमुळे बुरशी होते, असंच सांगण्यात आलं होतं. त्यांनी लढा दिला. २०२३ च्या कायद्यात ठरावीक मुदतीत ओल तपासणं आणि दुरुस्त करणं सामाजिक घरांच्या मालकांवर बंधनकारक करण्याची तरतूद आली. आपल्याकडे अशी मुदत कुठे आहे?

आणि हे पाहणं आपल्याला परकं नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्खूने निवासाची देखभाल कशी करावी हे तपशिलाने सांगितलं आहे. अंथरूण उन्हात टाकणं, ऋतूप्रमाणे खिडक्या कधी उघडायच्या आणि कधी मिटायच्या, गेरूच्या भिंतीला बुरशी आली तर ओला फडका पिळून ती पुसणं. पाणी शिरतं म्हणून जोतं उंच करण्याची अनुज्ञाही तिथे आहे. बोरिवलीच्या कान्हेरीत जा. दगडात कोरलेले पाण्याचे पाट आणि पोढी आजही पावसाळ्यात वाहताना दिसतात. पाणी कुठून येईल आणि कुठे जाईल, याचा विचार ज्यांनी डोंगर कोरताना केला, त्यांचे वारस आपण आहोत.

म्हणून या पावसाळ्यात प्रत्येक विहाराने, प्रत्येक मंडळाने एक वही करावी. इमारत, मजला, खोली, डाग कुठे, तारीख घातलेला फोटो, घरात खोकला किती जणांना, समोरच्या इमारतीचं अंतर किती. फूटपट्टीने मोजा. शंभर खोल्यांची वही घेऊन सोसायटीत, वॉर्ड ऑफिसात आणि प्राधिकरणात जा. एका ताईला ‘तुम्ही लोक’ म्हणणं सोपं असतं. शंभर खोल्यांची मोजमापं समोर ठेवली की साहेबाला नकाशा उघडावाच लागेल.

जय भीम!