न छापलेल्या कॉमिकची परीक्षा

१९५५ साली अमेरिकेत एक छोटी विज्ञानचित्रकथा चार्ल्स मर्फी यांच्या टेबलावर आली. मर्फी पूर्वाश्रमीचे न्यू यॉर्कचे न्यायदंडाधिकारी. आता कॉमिक प्रकाशकांच्या संघटनेने त्यांना आचारसंहितेचा कारभार पाहायला बसवले होते. आदल्या वर्षी फ्रेडरिक वर्दम या मनोविकारतज्ज्ञाने कॉमिक वाचून मुले बिघडतात असा गिल्ला केला होता, सिनेटच्या उपसमितीने जाहीर चौकशी केली होती आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच स्वतःवर ही संहिता लादून घेतली होती. मुखपृष्ठावर संहितेचा शिक्का नसेल, तर वितरक अंकाचा गठ्ठा उघडतही नसत.

मर्फींपुढे आलेल्या कथेचे नाव ‘जजमेंट डे’. लेखक अल फेल्डस्टीन, चित्रकार जो ऑर्लँडो. पृथ्वीवरून आलेला टार्ल्टन नावाचा अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहाची तपासणी करतो. आकाशगंगेच्या प्रजासत्ताकात या ग्रहाला घ्यायचे की नाही, हे त्याने ठरवायचे असते. नारिंगी आणि निळे यंत्रमानव आतून तंतोतंत सारखे, फरक फक्त बाहेरच्या कवचाचा. तरी निळ्यांची वस्ती वेगळी, कामे हलकी आणि बसमध्ये जागा मागे. टार्ल्टन ग्रहाला नापास करतो. परतीच्या वाटेवर यानात तो शिरस्त्राण काढतो, तेव्हा वाचकाला प्रथमच त्याचा चेहरा दिसतो. तो कृष्णवर्णीय आहे आणि त्याच्या चेहऱ्यावर घामाचे थेंब चमकताहेत.

ही कथा १९५३ मध्ये ‘वियर्ड फँटसी’त एकदा छापूनही आली होती. आता ती ‘इन्क्रेडिबल सायन्स फिक्शन’मध्ये पुन्हा घ्यायची होती, तर मर्फींनी नायक कृष्णवर्णीय नको म्हणून सांगितले. कथेचा सारा डोलारा त्या शेवटच्या चौकटीवर उभा होता. प्रकाशक बिल गेन्स यांनी प्रकरण वर्तमानपत्रांत नेण्याची धमकी दिली, तेव्हा मर्फी घामाच्या थेंबांवर येऊन थांबले. गेन्स यांनी तेही पुसले नाहीत. कथा जशीच्या तशी आली, पण १९५६ च्या सुरुवातीचा तो ३३ वा अंक त्यांच्या ई.सी. कंपनीची शेवटची कॉमिक पुस्तिका ठरला. गेन्स यांच्याकडे पुढे ‘मॅड’ हे मासिक तेवढे तगले.

छापण्याआधीच निकाल देणारा हा संहितारूपी परीक्षक सत्तरच्या दशकात हळूहळू निष्प्रभ झाला. ब्रुकलिनचे शिक्षक फिल सूलिंग यांनी नवी पद्धत रुजवली : कॉमिकच्या दुकानांनी जादा कमिशन घ्यावे, पण न खपलेले अंक परत करू नयेत. किती प्रती लागणार हे आधीच कळू लागल्याने थोडक्या प्रतींची छपाई परवडू लागली. शिक्क्याची गरजही उरली नाही. १९७४ मध्ये माइक फ्रीड्रिक यांनी कॅलिफोर्नियातून ‘स्टार रीच’ काढले, त्यात मोठ्यांसाठीच्या विज्ञानकथा आणि अद्‌भुतकथा होत्या. १९८४ मध्ये केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड यांनी आयकराचा परतावा आणि काकांकडून घेतलेली उसनवारी यांच्या जोरावर ‘टीनएज म्युटंट निंजा टर्टल्स’च्या सुमारे ३,००० कृष्णधवल प्रती छापल्या. किरणोत्सारी चिखलात बदललेल्या चार कासवांची ती गोष्ट पुढे किती कमाई करून गेली, हे सर्वांना ठाऊक आहे.

त्यातल्या लेअर्ड यांनी १९९२ मध्ये झेरिक फाउंडेशन स्थापन केले. स्वतःचे कॉमिक स्वतः छापू पाहणाऱ्यांनी पाने आणि खर्चाचा अंदाज पाठवायचा, निवड झाली तर छपाईला अनुदान मिळायचे. पुढे मॅकआर्थर फेलोशिप मिळवणारे जीन लुएन यांग यांचे पहिले कॉमिक १९९७ मध्ये झेरिकच्याच पैशावर निघाले. इथेही परीक्षा छापण्याआधीच होती, मात्र परीक्षकांचा हेतू उलटा होता. मर्फी अडवण्यासाठी वाचत होते, झेरिकची मंडळी सोडण्यासाठी.

मग २००९ साल उजाडले. कॉमिकच्या वितरणावर जवळजवळ मक्तेदारी असलेल्या डायमंड कंपनीने एखादे शीर्षक उचलण्यासाठीची किमान मागणी १,५०० डॉलरवरून २,५०० डॉलरवर नेली. लहान प्रकाशकांना हा मोठाच दणका होता. त्याच वर्षी २८ एप्रिलला न्यू यॉर्कमध्ये किकस्टार्टर हे लोकवर्गणी जमवणारे संकेतस्थळ सुरू झाले. आणि त्याच उन्हाळ्यात विज्ञानकथेच्या ह्यूगो पुरस्कारांत चित्रकथेच्या नव्या विभागाचा पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला. तो फिल आणि काया फोलिओ यांच्या ‘गर्ल जीनियस’च्या खंडाला मिळाला. ही मालिका वेबवर फुकट वाचायला मिळत होती. दुकानाचा दरवाजा अरुंद झाला, त्या वर्षी वाचकाच्या खिशाकडे जाणारी वाट रुंद झाली. ह्यूगोसाठीही विज्ञानकथेच्या जागतिक अधिवेशनाचे शुल्क भरून सभासद झालेले वाचकच मत देतात.

लोकवर्गणीची ही तऱ्हा मराठी वाचकाला परकी वाटायला नको. मोठ्या ग्रंथसंचासाठी प्रकाशनपूर्व सवलतीत पैसे भरून ठेवणारी पिढी आपल्याकडे आहेच. फरक इतका, की किकस्टार्टरवर ठरलेली रक्कम मुदतीत जमली नाही, तर कोणाच्याही खात्यातून एक डॉलरही कापला जात नाही. सगळे नाही तर काहीच नाही.

रिच बर्ल्यू यांनी २०१२ च्या सुरुवातीला ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ या काडीमाणसांच्या विनोदी चित्रकथेच्या पुनर्मुद्रणासाठी ५७,७५० डॉलर मागितले. १४,९५२ वाचकांनी साडेबारा लाखांहून अधिक दिले. त्याच वर्षी झेरिकने कॉमिकसाठीची अनुदाने बंद केली. वेबमुळे नवख्यांना लोकांपुढे यायचा मार्ग मोकळा झाला आहे, अशी लेअर्ड यांची भूमिका होती. परीक्षक समिती उठली आणि तिच्या खुर्चीवर वाचक बसले.

पण या वाचकांना परीक्षेसाठी काय मिळते? एक चित्रफीत, पाच-सहा रंगीत पाने, बक्षिसांचे कोष्टक आणि जास्त पैसे जमले तर काय-काय मिळेल याची यादी. विज्ञानकथेच्या बाबतीत ही मांडणी विशेष फसवी ठरते. ढगांत घुसलेली शहरे, गंजलेली याने, दोन सूर्यांचे आकाश एका पानात भुरळ घालतात. कथानक शंभराव्या पानापर्यंत टिकेल का, हे त्या पानावरून कळत नाही. त्यात काही प्रकल्पांत मोठी रक्कम देणाऱ्याचा चेहरा एखाद्या पात्राला देण्याचे बक्षीस असते. मग अंतराळस्थानकाच्या गर्दीत एखादाच चेहरा उगाच रेखीव दिसला, की तो कुठून आला हे सराईत वाचक ओळखतो. म्हणूनच अनुभवी वर्गणीदार चित्रांआधी दुसरेच पाहतात : कथेची संहिता पूर्ण आहे का, आधीचे पुस्तक वेळेवर पोचले होते का, टपालखर्च धरला आहे का.

वेळेचा प्रश्न कलेच्या प्रश्नात मिसळतो, हीच समीक्षकाची अडचण. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये बर्ल्यू यांचा उजवा हात फुटलेल्या काचेने कापला, स्नायूबंध तुटले आणि कबूल केलेल्या गोष्टी लांबल्या. वर्गणीदाराच्या लेखी ती दिरंगाई खरी. कथेचे मूल्य तिने कमी होत नाही.

उलट बाजूने पाहायचे तर बूम स्टुडिओजने २०२० मध्ये किआनू रीव्हज यांच्या ‘बर्झर्कर’साठी किकस्टार्टरवरच १४ लाख डॉलरांहून अधिक जमवले. मोठा प्रकाशक, त्याहून मोठा नट. ज्या ओळीत नवखे उभे होते, तिथेच हेही उभे राहिले. स्वतंत्र कॉमिक कशाला म्हणायचे, हा वाद तेव्हापासून आणखी चिघळला.

चित्रकथाकार ब्लू डेलिक्वांटी यांनी वेगळा क्रम धरला. मेलेला यंत्रमानवशास्त्रज्ञ सोळा वर्षांनी यंत्राच्या शरीरात जागा होतो, ही ‘ओ ह्यूमन स्टार’ची कथा त्यांनी २०१२ पासून २०२० पर्यंत वेबवर पान-पान करून विनामूल्य दिली आणि छापील खंडांसाठी किकस्टार्टरवर पैसे मागितले. इथे कथा कशी आहे, पात्रे उभी राहतात का, शेवटाकडे नीट जाते का, हे वर्गणीदाराने आधीच पारखलेले असते. त्याला विचारायचे उरते ते एवढेच, की कागद कोणता आणि टपालखर्च किती.