हाजीरजामीन

मोल्सवर्थसाहेबांचा जुना मराठी कोश चाळताना 'जामीन' या शब्दाचे एक छोटेसे कुटुंबच आपल्याला भेटते. पैशाची हमी घेणारा तो मालजामीन. अमका माणूस यापुढे नीट वागेल अशी हमी घेणारा तो फैलजामीन. आणि बोलावणे येईल तेव्हा त्याला हजर करीन, एवढेच कबूल करणारा तो हाजीरजामीन. मराठी राज्याच्या कारभारात रुळलेले हे शब्द आता कोणी वापरत नाही. आरोपीला मिळणारा जामीन यांपैकी कोणता, हा प्रश्न मात्र आपल्या न्यायालयांत शंभराहून अधिक वर्षे घोळतो आहे.

इंग्लंडात तो सतराव्या शतकात पेटला. राजाच्या मर्जीतले न्यायाधीश जामीन नाकारत नसत; ते रक्कमच अशी मागत, की कोणाला भरता येऊ नये. कागदावर जामीन मंजूर आणि माणूस तुरुंगात! म्हणून 1689 च्या हक्कांच्या सनदेत 'जामिनाची रक्कम अवाजवी नसावी' असे कलम घालावे लागले. अमेरिकेने ते जवळजवळ त्याच शब्दांत उचलले. तिथल्या राज्यघटनेत 1791 साली आलेली आठवी दुरुस्ती ती हीच.

आपल्याकडे हा प्रश्न गाजला तो टिळकांच्या खटल्यात. 27 जुलै 1897 रोजी राजद्रोहाच्या आरोपावरून मुंबईत त्यांना अटक झाली. पुण्यातला प्लेग, रँडचा खून, 'केसरी'तले लेख ही पार्श्वभूमी सर्वांना ठाऊक आहे. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. उच्च न्यायालयात पार्सन्स आणि रानडे या न्यायमूर्तींपुढे अर्ज गेला, तोही फेटाळला गेला. (होय, तेच माधवराव रानडे.) खटला सेशन्सकडे सोपवला गेल्यावर न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे पुन्हा अर्ज झाला. तय्यबजींनी विचार केला तो अगदी साधा. खटला उभा राहायला महिनाभर आहे. तोवर हा माणूस कोठडीत राहिला, त्याला बचावाची तयारी करता आली नाही आणि शेवटी तो निर्दोष ठरला, तर न्याय झाला असे कसे म्हणायचे? पाहायचे ते इतकेच, की तो खटल्याला हजर राहील की नाही. शेट द्वारकादास धरमसी यांच्यासारखे धनिक जामीन राहायला पुढे आले आणि टिळक सुटले. सप्टेंबरात ते ठरल्याप्रमाणे न्यायालयात हजर झाले. सहा युरोपीय ज्यूरर विरुद्ध तीन हिंदी ज्यूरर अशा मतविभागणीने दोषी ठरले आणि त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. पण हजर राहण्याचा शब्द त्यांनी पाळला होता.

तय्यबजींपुढे टिळकांसाठी उभे राहिलेले बॅरिस्टर होते दिनशा दावर. अकरा वर्षांनी, 1908 साली, टिळकांना राजद्रोहासाठी पुन्हा अटक झाली, तेव्हा हेच दावर न्यायमूर्तींच्या खुर्चीत होते. जामिनासाठी उभे राहिले तरुण बॅरिस्टर महंमदअली जीना. तय्यबजींचा निर्णय त्यांनी पुढे ठेवला. ज्या निर्णयासाठी दावर स्वतः झगडले होते, तोच! दावरांनी अर्ज फेटाळला. हजेरी हा एकच मुद्दा पाहून चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. खटल्यावर परिणाम होईल म्हणून कारणांची चर्चाही त्यांनी टाळली. 22 जुलैला त्यांनीच सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली आणि टिळक मंडालेला गेले. दावरांवर तोंडसुख घेणे सोपे आहे. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की तेव्हाच्या कायद्याने हा सारा प्रश्न एका माणसाच्या मर्जीवर सोपवला होता.

स्वतंत्र भारताच्या घटनेत जामिनाचे वेगळे कलम नाही. रक्कम अवाजवी नसावी, हे 1898 च्या फौजदारी संहितेत होते आणि 1973 च्या संहितेतही आले. पण तो झाला साधा कायदा, मूलभूत हक्क नव्हे. हक्काचे बळ त्याला मिळाले ते जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या एकविसाव्या कलमातून, आणि तेही 1978-79 मध्ये. टिळकांना निदान जामीन राहणारे शेटजी होते. आता न्यायालयापुढे आला तो मध्य प्रदेशातला एक गवंडी. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला होता. खालच्या मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो चालेना! न्यायमूर्ती कृष्ण अय्यर या प्रकाराने संतापले. हातावर पोट असलेल्या माणसाने दहा हजार आणायचे कुठून, आणि आपल्याच देशात दुसऱ्या जिल्ह्यातला माणूस परका कसा? एक हजाराच्या जातमुचलक्यावर गवंडी सुटला.

पुढच्याच वर्षी बिहारमधले कच्चे कैदी न्यायालयापुढे आले. त्यांची दशा वृत्तपत्रातून मांडली ती के. एफ. रुस्तमजी यांनी, म्हणजे आपल्या नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेल्या पोलीस अधिकाऱ्याने. जानेवारी 1979 मधले त्यांचे लेख वाचून ॲड. कपिला हिंगोरानी यांनी याचिका केली. तीच हुसैनारा खातून खटला म्हणून ओळखली जाते. आरोप सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ काहीजण खटल्याविना आत होते. न्यायमूर्ती भगवतींनी त्यांना जातमुचलक्यावर सोडायला सांगितले. ज्याची पाळेमुळे समाजात रुजलेली आहेत, तो पळून जाणार नाही. मग पैशाची अट कशाला, असा त्यांचा रोख होता. मालजामिनाकडून पुन्हा हाजीरजामिनाकडे, असे मी याला म्हणेन.

कायद्यात हे उतरायला मात्र 2005 उजाडले. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही, तर आरोपीला निर्धन समजून जातमुचलक्यावर सोडावे, अशी तरतूद तेव्हा झाली. तरीही 2022 च्या अखेरीस देशातल्या 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते. जामीन मंजूर होऊनही केवळ जामीनदारावाचून आत राहिलेल्यांचा विचार सर्वोच्च न्यायालयाला 31 जानेवारी 2023 रोजी पुन्हा करावा लागला. त्या दिवशीच्या निर्देशांत एक सूचना अशी आहे, की स्थानिक जामीनदाराच्या हट्टामुळे सुटकेला उशीर होतो, तेव्हा न्यायालयांनी ती अट घालू नये. गवंड्याच्या भावाला दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून परत पाठवले होते, त्या निकालाला तेव्हा चव्वेचाळीस वर्षे उलटून गेली होती.