सभेचा आवाज

सभा म्हटली कीं वक्ता डोळ्यांसमोर उभा राहतो. त्याचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोंचविणारा मनुष्य कोणाच्या फारसा ध्यानांत राहत नाहीं. परंतु महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाचा गेल्या सवाशें वर्षांचा इतिहास पाहिला, तर या पडद्याआडच्या मनुष्याचें कार्य गौण होतें असें म्हणतां येणार नाहीं.

ध्वनिवर्धक येण्यापूर्वीं सभेची मर्यादा वक्त्याच्या छातीच्या जोरावर ठरत असे. आवाज जेथें विरे तेथें सभा संपे. त्यापलीकडील माणसें केवळ दर्शन घेऊन परत जात. सन १९१६ मध्यें लोकमान्य टिळकांनीं बेळगांव व अहमदनगर येथें स्वराज्यावर मराठींत व्याख्यानें दिलीं. तीं पोलिसांच्या लघुलेखकांनीं टिपून घेतलीं, आणि त्याच टिपणांच्या आधारें टिळकांकडून एक वर्षाच्या चांगल्या वर्तनाबद्दल २०,००० रुपयांचा जातमुचलका व प्रत्येकीं १०,००० रुपयांचे दोन जामीन मागण्यांत आले. ९ नोव्हेंबर १९१६ रोजीं मुंबईच्या हायकोर्टानें तो हुकूम रद्द केला. सभेंतला शब्द टिकवून ठेवण्याचें साधन त्या काळीं लोकांपेक्षां सरकारजवळ अधिक तयार होतें, हें यावरून दिसतें.

डोळ्यांसाठीं मात्र महाराष्ट्रानें आपली सोय लवकर केली होती. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ मध्यें जादूच्या दिव्याचे खेळ सुरू केले व त्यांस ‘शांबरिक खरोलिका’ असें नांव दिलें. शंबरासुराची माया पुराणांत प्रसिद्ध आहे. तिच्यावरून हें नांव आलें. कांचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या प्रकाशानें पडद्यावर मोठीं करून दाखवीत. एकाच पात्राच्या निरनिराळ्या स्थितींचीं चित्रें लागोपाठ सरकवून तें हालत असल्याचा भास उत्पन्न करीत, आणि त्यास निवेदन, संवाद व गाणीं यांची जोड देत. चित्राची वेळ व शब्दाची वेळ एक राखणें हें या कामांतील खरें कौशल्य होय. आज कचेरींतील बैठकींत पडद्यावर आकडे व आकृति दाखविणारासही तेंच साधावें लागतें.

आवाज मोठा करणारें यंत्र सभेंत आलें तें अमेरिकेंतून. १९१५ च्या नाताळांत सॅन फ्रॅन्सिस्को येथें जेन्सन व प्रिडहॅम यांनीं आपला ध्वनिवर्धक लोकांस जाहीरपणें ऐकविला. १९१९ मध्यें अध्यक्ष विल्सन यांनीं त्याच्या साह्यानें सॅन दिएगो येथें सुमारें ५०,००० लोकांपुढें भाषण केलें. आपल्याकडे हें काम ज्यांनीं अंगावर घेतलें त्यांत मुंबईची शिकागो रेडिओ ही पेढी अग्रगण्य होती. नांव परदेशी असलें तरी ती मोटवाने कुटुंबाची देशी पेढी. स्वातंत्र्याच्या चळवळींतील सभांचीं छायाचित्रें पाहिलीं तर पुढाऱ्यांपुढील मायक्रोफोनवर तिचें नांव वाचावयास मिळतें.

हें काम दिसतें तितकें सोपें नव्हतें. मायक्रोफोन आवाजाच्या कंपनांचें विजेच्या प्रवाहांत रूपांतर करतो. त्या काळीं निर्वात नळ्या तो प्रवाह वाढवीत, आणि कर्णा त्याचा पुन्हा आवाज करी. कर्णा मायक्रोफोनच्या समोर आला तर स्वतःचाच आवाज पुन्हा पुन्हा आंत शिरून कर्कश शीळ उठते. म्हणून कर्णे वक्त्याच्या पुढें, श्रोत्यांकडे तोंड करून लावावे लागतात. आवाज एका सेकंदांत सुमारें ११०० फूट जातो. एक कर्णा जवळ आणि दुसरा त्याहून ५५० फूट लांब असला, तर एकच शब्द अर्ध्या सेकंदाच्या अंतरानें दोनदां कानीं पडतो, वाक्यावर वाक्य चढतें व अर्थ हरवतो. मोठ्यानें ऐकूं येणें आणि स्पष्ट ऐकूं येणें यांतील भेद व्यवस्था पाहणारांस असा अनुभवानें शिकावा लागला.

याचा परिणाम वक्तृत्वावरही झाला. ओरडण्याची गरज संपली. गांधीजींसारखा शांतपणें बोलणारा पुरुष हजारोंशीं घरच्यासारखा बोलूं शकला. यंत्र जाणणाऱ्या माणसाचें महत्त्व सरकारनेंही ओळखलें होतें. १९४२ च्या ऑगस्टांत मुंबईंत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाला व १२ नोव्हेंबरला पोलिसांनीं तो पकडला. त्या खटल्यांत उषा मेहता यांस ४ वर्षांची शिक्षा झाली. आरोपींत शिकागो रेडिओचे नानक मोटवानेही होते, ते सुटले.

मराठवाड्यांत प्रश्न याहून मूलभूत होता. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यांतील बोरी हें गांव तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें, आणि त्या राज्यांत ‘गश्ती निशाण ५३’ या हुकुमान्वयें जाहीर सभेलाच परवानगी लागे. यंत्र, वीज व पैसा यांची गोष्ट पुढची. अशा स्थितींत १९३७ मध्यें परतूर येथें गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखालीं महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें. परतूर त्या वेळीं परभणी जिल्ह्यांतच होतें. पुढच्या वर्षीं हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली. जेथें एकत्र जमणेंच अपराध ठरूं शके, तेथें सर्वांत उत्तम कर्णाही मुकाच. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं ती राजवट संपली. १९६८ मध्यें परभणीस आकाशवाणीचें केंद्र झालें.

परवानगी आजही लागते, पण निराळ्या कारणासाठीं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें ध्वनिवर्धकास लेखी परवानगी घ्यावी लागते व रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर तो सर्वसाधारणपणें बंद ठेवावा लागतो. पूर्वींचें बंधन लोकांनीं ऐकूं नये म्हणून होतें. आतांचें, ज्यास ऐकावयाचें नाहीं त्याची झोंप मोडूं नये म्हणून आहे. पहिलें झुगारणें हें जसें धैर्याचें काम होतें, तसें दुसरें पाळणें हें सभ्यतेचें काम आहे. सभेची व्यवस्था पाहणारानें दोन्ही बाजू सांभाळाव्या. आणि शेवटच्या रांगेंतील मनुष्य कांहीं विचारावयास उठला, तर मायक्रोफोन त्याच्याही हातीं द्यावा.