कार्ल्याचं छत आधी कोरलं

कार्ल्याच्या चैत्यगृहाचं कौतुक होतं ते शिल्पांसाठी. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने तर हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचं तिथेच कोरून ठेवलं. माझ्या मते, त्या शिल्पांइतकंच थोर आहे ते कामाचं नियोजन. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास डोंगराच्या पोटात सुमारे 38 मीटर लांब, 14 मीटर रुंद आणि जवळजवळ तेवढंच उंच दालन काढायचं, तर खरी जोखीम न दिसणाऱ्या खडकाची होती. सह्याद्रीचा बेसॉल्ट लाव्ह्याच्या थरांनी बनलेला आहे: कुठे काळा कातळ, कुठे भोकाभोकांचा मांजऱ्या, मध्येच तांबड्या मातीचा पट्टा, आणि उभ्या चिरांतून झिरपणारं मावळातल्या पावसाचं पाणी. पाथरवटांनी यावर उपाय काढला तो कामाच्या क्रमात. लेणी वरून खाली खोदत नेली जात; अजिंठ्याच्या 24 क्रमांकासारख्या अर्धवट लेण्यात, जिथे कित्येक खांब अजून नुसते ओबडधोबड ठोकळे आहेत, कामाचे टप्पे आजही वाचता येतात. छिन्नी आधी छताला लागे. कारागीर न खोदलेल्या कातळावरच उभे राहत, त्यामुळे डोक्यावरचा दगड हाताच्या अंतरावरून ठोकून पाहता येई. छतात वाईट चीर निघालीच, तर खालचे खांब कोरायचेच असत, आराखडा बदलायला जागा असे. मोठे बोगदे आजही बहुधा असेच काढतात: आधी वरचा भाग, त्याला रॉक बोल्ट (खडकात बसवलेले पोलादी दांडे) आणि शॉटक्रीट (फवारलेलं काँक्रीट), मग खालचा.

कुणी म्हणेल, हा क्रम केवळ परांची वाचवण्यासाठी होता आणि कमानदार छत ही लाकडी सभागृहांची नक्कल. दोन्ही खरं आहे. कार्ल्याच्या छताला तर अजून लाकडी फासळ्या आहेत, पण भार त्या पेलत नाहीत, कातळच पेलतो. म्हणून कमानीच्या आकारावरून पाथरवटांचं शास्त्र सिद्ध करायला मी जाणार नाही. क्रमाचं मात्र तसं नाही: हेतू सोयीचा असला, तरी सर्वांत महागात पडणारी चूक त्यामुळे सर्वांत आधी उघडी पडत होती. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. टिकलं तेच आपण पाहतो, कोसळलेलं कोण मोजतं? याचं उत्तर कार्ल्यातच आहे. 37 खांबांचं दालन उभं आहे आणि पावसाला उघडी असलेली दर्शनी भिंत मोडली आहे. आतल्या कातळाची पारख झाली, बाहेरच्या अंगाची तेवढी झाली नाही, असं मी मानतो.

हीच उणीव आपण वारशात घेतली. बोरघाटात 1856 ते 1863 दरम्यान रेल्वेसाठी 25 बोगदे फोडले गेले, पुढे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचेही झाले. तरी 2015 च्या जुलैत याच मार्गावरच्या आडोशी बोगद्याजवळ दरड आली ती बाहेरच्या कापलेल्या उतारावरून, आणि माणसं गेली. आता लोणावळा-कार्ल्याच्या उतारांवर डोंगर कापून बंगले उठत आहेत. तिथे घर घेणार असाल, तर विक्रेत्याकडून प्लॅनबरोबर माती-खडक तपासणीचा अहवाल आणि घरामागच्या कापलेल्या उताराचं डिझाइन मागून घ्या. ते नसेल तर व्यवहार करू नका.