वाचन साधनपादापासून

 आसने करता करता ज्यांचे कुतूहल जागे झाले, असे वाचक पातंजल योगसूत्रे प्रथम उघडल्यावर बहुधा बुचकळ्यात पडतील. चार पाद, पाठभेदानुसार १९५ किंवा १९६ सूत्रे, आणि आसनाच्या वाट्याला त्यांतली जेमतेम तीन! तीही एकाही आसनाचे नाव न घेता. बैठक स्थिर असावी, सुखाची असावी, प्रयत्नाचा ताण ओसरावा, इतकेच तिथे अपेक्षित आहे. ‘आसन’ हा शब्द मुळी ‘आस्’, म्हणजे बसणे, या धातूपासूनच आला आहे.

बाकीचा ग्रंथ चित्ताचा आहे. अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश हे पाच क्लेश मला त्याचा गाभा वाटतात. राग म्हणजे इथे संताप नव्हे. एकदा भोगलेल्या सुखामागे धावणारी ओढ. अभिनिवेश म्हणजे जगण्याला घट्ट बिलगणे. नुकत्याच जन्मलेल्या किड्यालाही मरणाचे भय असते आणि शास्त्र जाणणाऱ्या पंडितालाही, असे व्यासभाष्य दाखवून देते. वाचनाने हे भय सुटत नाही, म्हणून साधना.

यात देहाला कमी लेखलेले नाही. स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत पंधरा आसने सांगितली आहेत. पण त्या ग्रंथाचा चौथा उपदेश समाधी आणि नादानुसंधान यांचा आहे. देहापासून निघालेली वाट तिथवर जाते.

मराठी वाचकाला आणखी एक दार घरातच उघडे आहे. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय. गीतेच्या त्या अध्यायात कुंडलिनीचा उल्लेखही नाही. ज्ञानदेवांनी मात्र गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांमार्फत आलेले नाथपंथाचे हे धन १२९० साली मराठीत खुले केले. ते वर्णन मोठ्याने वाचावे, सावकाश वाचावे.

सूत्रे वाचताना मात्र दुसऱ्या पादापासून, साधनपादापासून, सुरुवात करावी असे मी सुचवेन. पहिला पाद समाहित चित्ताच्या साधकासाठी आहे आणि दुसरा विखुरलेल्या चित्ताच्या माणसासाठी, असे भाष्यकारच सांगतात. तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान यांनी तो सुरू होतो. मग यम येतात, आणि त्यांत सर्वांआधी अहिंसा. आसनाची पाळी त्यानंतरची.