घोडेवाला दर्यावर्दी कसा झाला

अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी स्मारकापुरता रेवदंड्याचा. 1470च्या आसपास तो शेजारच्या चौलला उतरला, हे खरेच. पण त्याच्या टिपणांना धार येते ती घाट चढल्यावर. चौलहून पालीला 8 दिवस, पुढे उमरीला 10, मग आणखी 6 दिवसांनी जुन्नर. होरमुझहून आणलेल्या एका घोड्यात त्याने 100 रूबल गुंतवले होते. जुन्नरचा बहमनी सरदार असदखान याने तो घोडाच हिसकावला. मुसलमान झालास तर घोडा परत, वर 1000 मोहरा. नाहीतर घोडा गेला आणि तेवढाच दंड, असे बजावून 4 दिवसांची मुदत दिली. ख्वाजा महंमद खुरासानीने रदबदली केली म्हणून दोघेही सुटले. वर्षभर पोसलेला तो घोडा शेवटी बिदरला विकला गेला. या सगळ्यात दर्यावर्दी कुठे आहे? समुद्रावर तो दुसऱ्याच्या गलबतावरचा उतारू होता, आणि होरमुझ–चौल ही घोड्यांच्या व्यापाराची मळलेली वाट होती.

दर्यावर्दीपण त्याला मेल्यावर चिकटले. घरी पोहोचण्याआधीच स्मोलेन्स्कजवळ तो वारला. टिपणे मॉस्कोच्या दरबारी गेली. 19व्या शतकाच्या आरंभी इतिहासकार करमझिनने ती उजेडात आणली आणि वास्को द गामाशी तुलना केली. पुढे 1955 साली नेहरू मॉस्कोला, ख्रुश्चेव्ह दिल्लीला. त्याच वर्षी त्वेर या त्याच्या गावी पुतळा. 1957 मध्ये ख्वाजा अहमद अब्बास आणि प्रोनिन यांचा त्याच्यावरचा चित्रपट ‘परदेसी’. नव्या मैत्रीला जुना पूर्वज हवाच होता. गामाच्या आधी पाव शतक येणे हे काय थोडे, असे कोणी म्हणेल. पण मार्को पोलो आणि निकोलो कोंती त्याच्याही आधी येऊन गेले होते. ‘पहिला’ हा मान टिकत नाही. टिकते ते जुन्नरचे वर्णन. पावसाळ्याला तो हिवाळा म्हणतो, पण चार महिन्यांचा चिखल, त्यातच चाललेली नांगरणी-पेरणी, घोड्यांना घातली जाणारी साखर-तेलाची खिचडी आणि दोघांना एकदम चढता न येणारी गडाची वाट, सारे नेमके टिपतो. (तो गड बहुधा शिवनेरी.) वानरांचा राजा आणि त्याची फौज अशा ऐकीव गोष्टीही त्याने लिहिल्या, तेव्हा त्याच्यावर विश्वास किती ठेवावा, ही शंका रास्त आहे. मात्र जुन्नरच्या पावसात तो स्वतः अडकून पडला होता, आणि घोड्याला काय खाऊ घालतात हे कळण्यात त्याचा रोजचा स्वार्थ होता.